पोपटरावांची दुसरी कॉपी

आमचे शेजारी पोपटराव सावंत यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका आम्हाला दोनदा दिली. एक हातात, एक पोस्टानं. "एक गहाळ झाली तर?" ते म्हणाले. आमच्या सासूबाई सरळ स्वभावाच्या. आमंत्रणं दोन आली म्हणून त्यांनी आहेरही दोन नेले. पोपटरावांनी दोन्ही आनंदानं ठेवून घेतले.

त्यांच्या पिशवीत दोन छत्र्या असतात, खिशात दोन चष्मे. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वहिनी, एक डोळा त्यो डोळा न्हवं, आन् एक कॉपी ती कॉपी न्हवं."

हे वेड उगाच लागलेलं नाही. सांगलीत नदीच्या अंगाला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. महापुरात पाणी माळ्यापर्यंत चढलं आणि सगळ्या निगेटिव्हांचा लगदा झाला. "कुणाची वरात कुणाच्या बारशाला जाऊन चिकटली बघा," असं ते हसत सांगायचे, पण सांगून झालं की चष्मा काढून पुसायचे.

मग त्यांनी गल्लीत घरोघर फिरून फोटो मागून आणले आणि स्कॅन केले. जुने कॉम्प्युटर जोडून घरात, कपाटाच्या वर, एक सर्व्हर उभा केला. आमच्या लग्नाचा अल्बम आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. पोपटरावांनी तसाच दुसरा सर्व्हर बांधला आणि पाटणला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे, नेऊन बसवला. आक्का एकट्याच राहतात, टेकाडावरच्या घरात.

"तितं पाणी यायचं म्हंजे कोयनेला पायऱ्या चढाव्या लागतील," पोपटराव म्हणाले.

मी एकदा त्यांच्याबरोबर पाटणला गेले होते. सर्व्हरवर क्रोशाचं झाकण होतं, त्याला हळदीकुंकू लावलेलं होतं आणि वर विरजणाचं पातेलं. मशीन दिवसभर गरम राहतं, थंडीत दही छान लागतं, असं आक्कांचं म्हणणं. पोपटरावांनी कपाळाला हात लावला. पण जेवताना दही दोनदा घेतलं.

खरं भांडण वेगळंच होतं. झोपायला जाताना आक्का सर्व्हर बंद करायच्या. "रातभर घूं घूं करतंय मेलं, डोळ्याला डोळा लागत न्हाई." सकाळी उठल्या की चालू. त्याप्रमाणे इकडे पोपटरावांच्या मोबाइलवर हिरवा ठिपका यायचा आणि जायचा. ठिपका गेला की ते आमच्या दारात यायचे. "केलं बंद! कॉपी अर्धीच ऱ्हायली!" सकाळी दूध घेताना मात्र स्वर मऊ असायचा, "आलं. चालू झालं."

"अहो, बटणावर चिकटपट्टी मारा ना," मी म्हणाले.

"नको नको. तिचं घर, तिचं बटन."

एके दिवशी सकाळी बेल वाजली. दारात पोपटराव, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात बूट.

"वहिनी, गाडी काढा. ठिपका आला न्हाई."

"लाइट गेली असेल पाटणला."

"हाय लाइट. खालच्या दुकानदाराला इचारलं. त्यो म्हंतोय दार आतनं बंद हाय, झोपल्या असतील. आक्का? या वक्ताला? फोनबी उचलत न्हाई."

मी गाडी काढली. पोपटराव शेजारी बसून त्या दुकानदाराला पुन्हा फोन लावत होते. "गड्या, दार फोड. आरं, फोड म्हंतोय न्हवं! एका दाराची दोन दारं देतो तुला बसवून!"

कराडच्या अलीकडे फोन आला. आक्का न्हाणीत घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण शुद्धीवर होत्या. त्यांना कराडलाच दवाखान्यात आणत होते. पोपटरावांनी फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर तोंड केलं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. कॉरिडॉरच्या बाकावर बसल्यावर पोपटराव हळूच बोलायला लागले.

"रोज फोन केला की चिडायची, वहिनी. 'मी काय तान्ही हाय का? हाय का मेली बघतोस?' असं म्हणायची. मग काय करणार? मशीन नेऊन बसवलं." पायातल्या एकट्या बुटाकडे बघत म्हणाले, "फोटोंची दुसरी कॉपी पुण्यात पोराकडं हायच की."

ते चहा आणायला गेले. मी आत आक्कांजवळ बसले. पायाला वजन बांधलेलं, चेहरा उतरलेला. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"पोपट लय घाबरला का गं?"

"घाबरले होते. ठिपका आला नाही म्हणून."

"कसा येणार? न्हाणीतनं बटनाकडंच निगाले हुते, तवर पाय सटकला." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "मशीनचा कसला आवाज येतोय गं? मला तर पलीकडं भांडं पडल्यालं ऐकू येत न्हाई. पण रातंदिस चालूच ठेवलं, तर मी उठले का न्हाई ते त्याला कळंल कसं?"

दाराशी कपांचा आवाज झाला. आक्कांनी माझा हात दाबला.

"त्याला सांगू नगंस. पुन्हा रोज फोन करीत बसंल."