हळकुंडांवर उडणारं विमान

हळदीच्या पॉलिशचे दिवस आले की थावरू गुरुजींची मोटारसायकल हट्टा गावाच्या रस्त्यावर कुठेही थांबते. शेतात तो मोठा लोखंडी ड्रम फिरत असतो, आत उकडून वाळवलेली हळद, बाहेर पिवळा धुरळा, आणि आवाज असा की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं. गुरुजी ड्रमच्या पुढ्यात उभे राहतात, मोबाईल समोर धरतात आणि डोळे मिटतात. कुणी खोकलं तर डोळे न उघडता दटावतात. परत येतात तेव्हा भुवया पिवळ्या झालेल्या असतात. कुणी विचारतं, "गुरुजी, या वयात हळद लागली व्हय?" गुरुजी हसत नाहीत. म्हणतात, "इंजिन आणून राहिलो."

इंजिन विमानाचं. थावरू राठोड आश्रमशाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर माणसं शेताकडे वळतात, नाहीतर देवळाकडे. हे कॉम्प्युटरकडे वळले आणि प्रवासी विमान बांधायला घेतलं. कॉम्प्युटरवर विमान चालवायचा एक फुकट मिळणारा खेळ आहे, त्यातलं विमान. पण त्याला खेळ म्हटलेलं त्यांना खपत नाही. "खेळ काहून म्हणता? पंख चुकला त पडते ते." जगभरची हौशी माणसं घरी बसून त्यासाठी विमानं बांधतात आणि ज्याला हवं त्यानं घ्यावं म्हणून मोकळी सोडतात. मोबदला काही नाही.

या मंडळींचा एक नियम कडक आहे. दुसऱ्याचं चित्र किंवा आवाज उचलून विमानात घालायचा नाही. जे घालाल ते तुमचं स्वतःचं हवं, नाहीतर ज्याचं आहे त्यानं कायमचं सोडून दिलेलं हवं. गुरुजींना हा नियम इतका आवडला की तो त्यांनी घरालाही लावला. बायको शेजारी विरजण मागायला निघाली तरी हे ओट्यावरून ओरडणार, "उसनं चालत न्हाई!" आणि घरात त्या दिवशी दही नाही.

त्यामुळे त्यांच्या विमानात जे आहे ते सगळं आपल्या भागातलं आहे. पंखांचा पत्रा जवळा बाजार गावातल्या एका गोदामाच्या छपराचा फोटो काढून केलेला. सीटांचं कापड त्यांच्या स्वतःच्या जुन्या सफारीचं. चालायच्या वाटेवर जे अंथरलंय ते जवळून बघू नये, सोयाबीनचं पोतं आहे. आणि इंजिन हळदीच्या ड्रमचं.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे टपरीवर सांगतात की, विमानाचं इंजिन हळदीच्या ड्रमसारखं वाजतं म्हणून त्या विमानवाल्या मंडळींनी राठोड गुरुजींचं विमान नाकारलं. त्यात बसलेले प्रवासी पिवळे होऊन उतरले, असंही पुढे जोडतात. ही गोष्ट खोटी आहे. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ती मीच रचली. पिवळ्या प्रवाशांसकट. कुणाला गुरुजींवर हसायचं असेल तर खुशाल हसावं, पण निदान खऱ्यावर हसावं. ते खरं मला आणि त्यांनाच माहीत आहे. ते सांगणार नाहीत, आणि मी आता किती दिवस पुरणार?

मी बस स्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी लागली की भोंग्यावरून पुकारायची, हे माझं काम. या भागात माझा चेहरा कुणी ओळखणार नाही, पण आवाज म्हातारेकोतारे सगळे ओळखतात. एका दुपारी गुरुजी घरी आले आणि म्हणाले, "साहेब, तुमचा आवाज पायजे. पण उसना न्हाई. कायमचा."

विमान सुटताना प्रवाशांना सूचना देतात, ती त्यांना माझ्याकडून हवी होती. अट अशी की एकदा दिलेला आवाज जगात कुणीही वापरील, मला परत मागता येणार नाही. आमची ही आतून म्हणाली, "द्या द्या. फक्त कुणी परत आणून देणार नाही एवढं लिहून घ्या."

पंखा बंद केला, कुकर उतरवला, आणि मी सुरुवात केली. "लक्ष द्या, हैदराबादकडे जाणारे विमान फलाटावर लागले आहे, प्रवाशांनी आपले खिसे-पाकीट..."

"फलाट न्हाई तिथं. खिसे बी सोडा."

पुन्हा म्हटलं. "हळू," गुरुजी म्हणाले. पुन्हा म्हटलं. "शब्द गिळून राहिले तुमी."

"सगळी नोकरी गिळण्यात गेली त्यांची," आतून आवाज आला. "आता कुठून बाहेर निघणार?"

गुरुजी चहालाही थांबायला तयार होईनात. मी चिडलो. म्हटलं, गुरुजी, या आवाजावर हजारो गाड्या सुटल्या. ते म्हणाले, "गाड्या सुटल्या. माणसं बसली का?" मग त्यांनी कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं: ज्याला कळलं न्हाई त्यानं पुन्हा विचारावं. पुन्हा सांगू.

मी म्हटलं, "असं विमानात कुणी म्हणत नाही. तिथं शिकलेली माणसं बसतात."

"तुमी बसले काय कधी विमानात?"

"नाही."

"मी बी न्हाई. म्हणून तर लिहून राहिलो."

मी ती ओळ वाचली. मनात म्हटलं, मास्तर माणूस, खोड जात नाही.

विमान तयार झालं आणि तपासणीला गेलं. अशी नवी विमानं तपासून खेळाच्या मुख्य संग्रहात घेणारी माणसं असतात. संग्रहात गेलं की विमान जगभर जातं, नाहीतर इंटरनेटवर आपल्याच पानावर पडून राहतं. गुरुजींनी त्यासाठी डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला होता, लग्नकार्यं चुकवली होती. तपासणारा जर्मनीचा होता. तो इंग्रजीत लिही, गुरुजी ठणठणीत मराठीत उत्तर देत, मधलं भाषांतर मोबाईल करी. त्यानं विचारलं, तुमच्या इंजिनात खडे आहेत काय? गुरुजींनी कळवलं, "खडे नाहीत. हळकुंडे आहेत." आठवडाभर तिकडून काही आलं नाही. मग आलं की आवाज उत्तम आहे, राहू द्या. म्हणजे हळदीला कुणीही नाकारलं नव्हतं.

चाकं सुधारा म्हणाले, गुरुजींनी सुधारली. वजन कमी करा म्हणाले, केलं. शेवटी एकच हरकत राहिली. सूचनेतलं ते शेवटचं वाक्य कुठल्याच विमानात नसतं, ते काढा, आजच विमान संग्रहात घेतो.

गुरुजी मला सांगायला आले. मी म्हटलं, "काढून टाका की. एका वाक्यापायी एवढी मेहनत पाण्यात घालता?"

"पंख काढा म्हणले असते त इचार केला असता," गुरुजी म्हणाले. "लिहून टाकलं त्याला. तुमचा संग्रह तुमच्यापाशी, आमचं वाक्य आमच्यापाशी." आणि मोटारसायकलला किक मारून गेले.

मला ते खुळेपणाचं वाटलं. टपरीवर सांगताना वाक्याची गोष्ट रंगेना, हळदीची रंगली. मग तीच सांगत राहिलो.

परवा त्यांनी मला तांड्यावर, त्यांच्या बंजारा वस्तीवर, बोलावलं. "याडीला विमान दाखवून राहिलो, या." याडी म्हणजे त्यांची आई. म्हातारी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. नजर अधू, कान मात्र शाबूत. मी कोण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी पडद्यावर तिला खिडकीची जागा दिली आणि इंजिन सुरू केलं.

"हळद फिरून राहिली," याडी म्हणाली.

मग माझा आवाज आला. म्हातारीनं मान वर केली. "ह्यो त स्टँडवरचा." आणि माझ्याकडे वळून, पाहुण्याला गंमत सांगावी तशी सांगू लागली. "ह्यो थावरू लेकरू व्हता तवा. शाळंत सोडाया चालले व्हते. घरी आमची बोली येगळी, भोंग्यातलं मला कळंना. दोनदा इचारलं कोणती गाडी. तिसऱ्यांदा इचारलं त भोंग्यातूनच म्हणला, 'बाई, कान घरी ठिवून आली काय?' समदं स्टँड हासलं." याडीही हसली. "मंग न्हाई इचारलं. गाडी आली, गेली. दिवस मावळला तवा चालत तांड्यावर आलो."

मला हे आठवत नाही. खरंच आठवत नाही. असं मी किती जणांना म्हटलं असेल, तेही नाही. मी गुरुजींकडे बघितलं. ते पडद्यावर विमानाची खिडकी नीट करत बसले होते. ती आधीच नीट होती.

ज्याला कळलं न्हाई त्यानं पुन्हा विचारावं, असं पडद्यातून मी म्हणालो.

"काय म्हणला?" याडीनं विचारलं.

गुरुजींनी पुन्हा वाजवायला हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू द्या, गुरुजी." खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की विमान हैदराबादला निघालं आहे, पट्टा बांधून बसा, घाई नाही.

"कुठं?"

पुन्हा सांगितलं.

याडीनं कान माझ्याकडे केला. मग म्हणाली, "तुमचा आवाज त्या स्टँडवरच्यावानीच हाय. पण तुमचं कळते."