बिनपायाचं भूत आणि चार नंबरची चप्पल

भुताची गोष्ट निघाली की लोक घाबरतात किंवा हसतात. मनोहरभाऊ पायाची चौकशी करतात. कामरगावच्या बसथांब्यासमोर त्यांचं चपलांचं दुकान आहे. मी शेजारी राहणारा इंग्रजीचा मास्तर. "पायाचं बोला" हे भाऊंचं पालुपद. आपल्या भुताचे पाय उलटे, विलायती भुताला बूट, इथवर त्यांचं सगळं सुरळीत होतं.

मग मोबाइलवर त्यांना एक जपानी भूत भेटलं. त्याला पायच नव्हते. भाऊ तडक माझ्याकडे आले. ज्याला इंग्रजी येतं त्याला जपानीही येतच असणार, असा त्यांचा समज.

मी थोडंफार वाचलं आणि दुकानात जाऊन सांगितलं, की त्यांच्या जुन्या चित्रांत भूत कमरेखाली धुरासारखं विरून जातं. गोष्टीही वेगळ्या. विलायती गोष्टीत भूत का आलं ते कुणीतरी शोधतं, त्याला घालवतं, घर मोकळं होतं. जपानी गोष्टीत बरेचदा मेलेली बायको येते, नवऱ्याजवळ बसते, आणि गोष्ट तिथंच थांबते.

"मंग तिले हाकललं कोनं?"

"कुणीच नाही."

खरं तर मलाही हे नीट कळलं नव्हतं. पण भाऊ असे विचारात पडले, की आसेगावच्या एका पाहुण्याला त्यांनी दोन्ही चपला डाव्या पायाच्या बांधून दिल्या.

पुढे आठवडाभर एकच प्रश्न: पाय नाहीत तर चालताना आवाज होतो का? मी पार गोंधळलो. एवढा धट्टाकट्टा माणूस, घाबरला की काय? शेवटी एका दुपारी म्हटलं, "भाऊ, गोष्टीच आहेत त्या. भिऊ नका."

भाऊ वरच्या फळीकडे बघत होते. तिथं बायकांच्या चपलांचा एक चार नंबरचा जोड असायचा. माझ्या बायकोसाठी मी तो दोनदा मागितला होता, आणि दोन्ही वेळा त्यांनी विकायचा नाही म्हणून सांगितलं होतं. का, ते मला तोवर समजलं नव्हतं.

"भेत नाई, सर. सुमन जाऊन दोन वर्सं झाले. रोज जेवाले बसलो का कान देतो. चपलीचा आवाज येत नाई. मले वाटे, आपली बायको काई आली नाई." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "पायच नसन तं आवाज कायचा येईन? असंच असते ना?"

मला काय ठाऊक? तरी मी म्हटलं, "असंच असतं, भाऊ."

त्यांनी स्टूल ओढलं, वर चढून तो जोड काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"वयनीले द्या. सुमनले आता लागत नाईत."