सरकारी पेटीत अडकलेली मूठ

"संसदेच्या या निवडणुकीत सरपंचाची जिरवली नाही, तर नावाचा वुकाशिन नाही!" असं मी बायकोला छाती ठोकून सांगितलं होतं. साल १९२५. आमच्या सर्बियन खेड्याचा सरपंच रादोयित्सा सरकारी पक्षाचा. "विरोधात गेलात तर रानातलं सरपण बंद!" म्हणून गावाला दरडावत होता. आमच्या पोरांनी काय थंडीत कुडकुडायचं? अरे जा!

मतपेट्या करायचं काम माझ्याकडेच आलं. गावात सुतार मी एकटा. आमच्याकडे प्रत्येक पक्षाची पेटी वेगळी आणि मत म्हणजे रबरी गोळी. ती मुठीत धरायची, मूठ पेटीत घालायची आणि गोळी गुपचूप सोडायची. मी सरकारी पेटीचं भोक जरा बारीकच पाडलं. सरपंचाची माणसं खाऊन-पिऊन टुमटुमीत. घाला म्हणावं आता मूठ!

मतदानाला पहिला नंबर माझा. सरकारी पेटीत मूठ रेटली. आत गेली कशीबशी, बाहेर काही येईना! मत कुणाला ते कळू नये म्हणून प्रत्येकाला प्रत्येक पेटीत मूठ घालावीच लागते, हे या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं!

"वुकाशिन, मूठ उघड, हात सुटेल," सरपंच गोड हसला.

"आणि गोळी तुमच्या पेटीत पडेल! नाही उघडत!"

"अरे, मागे रांग लागलीय!"

"लागू दे! ईस्टरपर्यंत बसतो इथे!"

"फोडा रे ती पेटी!"

"सीलबंद पेटी फोडली तर मतदानच रद्द!" निवडणूक अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला.

तीन तास! सरपंचाच्या अंगणात डुक्कर भाजत होतं. त्याची माणसं "आलोच" म्हणून जेवायला गेली आणि रकियाची दारू ढोसून तिथेच आडवी झाली. आमच्या माणसांना कोण बोलावतंय? ती बिचारी रांगेतच उभी.

शेवटी माझी बायको स्तानोयका आली. बायकांना मत नव्हतं, पण चरबीचं मडकं त्यांच्याच ताब्यात! तिने चरबी भोकात ओतली, मनगटाला माखली. मूठ सुळ्ळकन बाहेर! मी ती उंच उगारली. "बघा, मिटलेलीच आहे!" रांगेने आरोळी ठोकली. मग आमच्या पेटीत ऐटीत मूठ उघडली.

संध्याकाळी मोजणी झाली. गावात आम्ही एकतीस मतांनी पुढे!

"बघतो तुला सरपण कोण देतो ते!" सरपंच ओरडला.

"कुऱ्हाड माझी आहे! रान काय तुझ्या बापाचं?"

लोकांनी मला खांद्यावर बसवून घरी आणलं. स्तानोयकाने माझा चरबीने माखलेला कोट ओढून काढला. बाहीतून काहीतरी टपकन पडलं आणि उड्या मारत चुलीखाली गेलं. मूठ उगारली तेव्हाच गोळी निसटून बाहीत उतरली होती!

"अहो," ती म्हणाली, "सगळ्या गावाने मत दिलं. तुमचं तेवढं घरी आलंय."

"पण सरपंचाला दिलं का?" मी म्हणालो आणि गोळी काढायला चुलीखाली वाकलो.