जास्तीचा पाट

आमच्या भाऊंनी एकदा दूधवाल्याकडे म्हशीचा पुरावा मागितला. "दूध भैंस का है, इसका सबूत क्या है, भैया?" चिडून त्याने दुसऱ्या दिवशी म्हैसच दारात आणून उभी केली. भाऊ म्हणाले, "ही म्हैस झाली. दूध हिचंच, याचा पुरावा काय?"

भाऊ माझे थोरले चुलत भाऊ. रेल्वेतून निवृत्त, लग्न केलेलं नाही, झाशीत एका खोलीत एकटे. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो.

मी झाशीजवळ बिजौलीत लोखंडी कपाटं बनवतो. कुणी हात दिला नाही. पत्रे कापत उभा राहिलो. वडिलोपार्जित भांडवल एकच, आमचे मूळपुरुष सरदार विठ्ठलपंत. कोकणातून पांढऱ्या घोड्यावरून झाशीला आले, असं घरात सगळे सांगत. पाटीवर मी तो घोडा रंगवून घेतला. जवळच्या मोठ गावचं गिऱ्हाईक भाव पाडू लागलं की घोड्याकडे बोट दाखवायचो. निम्मे गप्प व्हायचे.

भाऊंना घोड्याचा पुरावा हवा होता. कुलदैवताच्या गावावरून माग काढत ते कोकणात गेले आणि परतले ते थेट माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत. मुलाकडचे ग्वाल्हेरचे, तोऱ्याचे. सरदारांच्या जोरावर मानपानात मी त्यांना मागे रेटत आणलं होतं.

भाऊ बशीत चहा ओतत म्हणाले, "घोडा सरदाराचा होता. आपले विठ्ठलपंत मागून कढई घेऊन चालत होते. आचारी होते."

लग्न ठरलं, पण त्यांच्या अटींवर. मी भाऊंकडचं रविवारचं जेवण बंद केलं.

पुढे मुलगी सासरी गेली, घर सुनं झालं, आणि राग काढायलाही कुणी उरेना. एका रविवारी भांडायलाच भाऊंकडे गेलो. ते जेवायला बसत होते. समोर दोन पाट, दोन ताटं.

मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच कोकणातली हकीकत काढली. आमटीतल्या मिठावरून भावाशी भांडून विठ्ठलपंत भरल्या ताटावरून उठले, ते परतलेच नाहीत. कुणा सरदाराचे आचारी होऊन झाशीला गेल्याचं नुसतं कानावर आलं. तेव्हापासून त्या घरात सणावाराला त्यांच्यासाठी एक जास्तीचा पाट मांडतात. भाऊ नेमके पाडव्याला पोचले. झाशीचं नाव ऐकून स्वयंपाकघरातून एक म्हाताऱ्या काकू बाहेर आल्या.

"त्यांनी पुरावा नाही मागितला?" मी खवचटपणे विचारलं.

"नाही. त्या पाटावर बसवलं मला. म्हणाल्या, किती रे उशीर केलास."

भाऊंनी मान खाली घालून दुसऱ्या ताटात भात वाढला.

"आज कुठला सण?"

"कुठलाच नाही. तू यायचा थांबलास, तेव्हापासून रविवारी मांडतो."

माझा राग गेलेला नव्हता. पाटीवरचा घोडाही मी पुसणार नव्हतो. पण वरण गरम होतं. चपला काढून बसलो.