सेतुमामांचं एक्स्चेंज

चष्मा न लावता मी फोनवरचं गुलाबी बटण दाबलं, आणि चेन्नईत राहून चेन्नईच्याच संघाच्या पराभवावर पाचशे रुपये लावून बसलो.

लावायचे होते विजयावर. अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्यानं ते अ‍ॅप माझ्या फोनवर घालून दिलं होतं. "इथे बुकी नाही सार," तो म्हणाला होता. "माणसासमोर माणूस. तुम्ही म्हणायचं जिंकणार, कुठेतरी दुसरा कोणी म्हणतो हरणार, अ‍ॅप दोघांना जुळवून देतं. बेटिंग एक्स्चेंज म्हणतात याला." जिंकणार म्हणणाऱ्यानं निळं बटण दाबायचं, हरणार म्हणणाऱ्यानं गुलाबी. इतकं सोपं होतं, म्हणूनच मला जमलं नाही.

टीव्हीसमोर बायको आणि मुलगी प्रत्येक चौकाराला टाळ्या वाजवत होत्या आणि मी प्रत्येक चौकाराला पाणी पीत होतो. संघ जिंकला. बाथरूमचं दार लावून मी फोन उघडला, तर तिथे लिहिलेलं, पैज जुळली नाही, रक्कम परत. घाईघाईत मी भावही असा काही टाकला होता, की माझ्यासमोर उभं राहायला साऱ्या जगात कोणी तयार झालं नव्हतं. आपल्याला कोणी विचारत नाही याचा एवढा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

बायकोला हे सांगायची छाती नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सेतुमामांना सांगितलं.

सेतुमाधवराव आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. तंजावूरकडचे मराठी. घराणं तिकडे जाऊन इतक्या पिढ्या लोटल्या की 'झालं'ला ते 'होलं' म्हणतात, आणि माझं साताऱ्याचं मराठी ऐकून, "कुलकर्णी, तुमचं मराठी थोडं बिघडलंय," असं काळजीनं सांगतात. सारी नोकरी टेलिफोन खात्यात, ट्रंक एक्स्चेंजवर ऑपरेटर म्हणून. परगावचे कॉल जोडून द्यायचे, आणि तीन मिनिटं झाली की मध्येच तसं सांगायचं. एक्स्चेंज गेलं, ट्रंक कॉल गेले, मामा मात्र अजून ड्यूटीवर आहेत. मोबाइल उचलला की हॅलो नाही, थेट "समोर कोण?" आणि कोणाशीही बोलत असोत, जिन्यात किंवा पाण्याच्या टँकरपाशी, मध्येच मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणणार, "तीन मिनिटं होलीं." की निघाले. तुमचं वाक्य अर्धं लोंबकळत राहिलं तर ते तुम्ही बघा.

एकदा इमारतीच्या सभेत सेक्रेटरी मुरुगेसन लिफ्टच्या दुरुस्तीवर बोलत होते. मामांनी तीन मिनिटं मोजली आणि उठले. त्यांच्यामागे सगळेच उठले. मामांचे इमारतीवर एवढे मोठे उपकार दुसरे नाहीत.

पण दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या, तेव्हा भेटायला आलेल्यांनाही ते हेच म्हणाले. लोक बिचारे शब्दाला मान देऊन उठले. पुढे फारसं कोणी त्यांच्याकडे गेलं नाही.

तर माझी फजिती त्यांनी ऐकून घेतली. 'एक्स्चेंज' या शब्दाला त्यांची मान ताठ झाली.

"समोर कोण होतं?"

"कोणीच नव्हतं मामा. म्हणून तर वाचलो."

"नो रिप्लाय," त्यांनी निकाल दिला. "कॉल होलाच नाही. पैसे परत दिलेच पाहिजेत, आमच्यातही तसंच." मग जरा थांबून म्हणाले, "पण समोर कोण ते कळतच नाही, हे कसलं एक्स्चेंज? आम्हाला आवाज तरी ऐकू यायचा." घड्याळ पाहिलं. "तीन मिनिटं होलीं."

पुढे पैशांचे असले खेळ कायद्यानंच बंद झाले आणि ते अ‍ॅप फोनवरून आपसूक मेलं. मनोनिग्रह दाखवायची वेळ माझ्यावर आली नाही, हे बरंच झालं. तोवर मामांनी स्वतःचं एक्स्चेंज उघडलं होतं.

नोटीस बोर्डावर एक निळा कागद, एक गुलाबी. पैशांचं नाव काढायचं नाही. पैज एक टंबलर फिल्टर कॉफीची. मॅच शनिवारचीच, आणि हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला रविवारी सकाळी आठला कॉफी पाजायची. मुख्य नियम मामांनी इंग्रजी, तमिळ आणि मराठीत लिहिला होता : समोर माणूस नसेल तर पैज नाही.

आता चेन्नईत गुलाबी कागदावर सही करणार कोण? निळ्यावर सात नावं, गुलाबी कोराच. शनिवारी दुपारी मामा बोर्डापुढे आले, "नो रिप्लाय की," म्हणाले, आणि गुलाबीवर आपलं नाव लिहून टाकलं. एकटे, सातही जणांच्या समोर. मग दर शनिवारी हेच.

"राव सार, कुठलं गाव तुमचं?" मुरुगेसन त्यांना छेडायचे. "इथलंच पाणी पिता ना?"

"पाणी टँकरचं आहे," मामा म्हणायचे.

संघ जिंकत राहिला आणि रविवारी सकाळी आम्ही सातजण मामांच्या हॉलमध्ये बसू लागलो. मामा हातभर उंचीवरून कॉफीची धार सोडायचे, फेस मोडू न देता. कोणी मामींच्या हातच्या मुरुक्कूची, म्हणजे चकलीची, आठवण काढायचं, कोणी जावयाची गाऱ्हाणी सांगायचं. दीड दीड तास निघून जायचा. मामांच्या मनगटावर रविवारी घड्याळ नसायचं. मी विचारलं तर म्हणाले, "दुरुस्तीला दिलंय." सोमवारी ते पुन्हा मनगटावर.

एका शनिवारी मी त्यांच्याकडेच मॅच बघत होतो. शेवटच्या चेंडूवर आपल्या फलंदाजानं षटकार मारला आणि मामा खुर्चीतून उडालेच.

"मामा, तुम्ही गुलाबी," मी आठवण करून दिली.

"होय की," म्हणाले, आणि ओशाळून खाली बसले.

मग एका शनिवारी संघ हरला. रविवारी सकाळी बायकोनं भरलेला टंबलर माझ्या हातात दिला. "देऊन या. आणि लगेच या, डोसे घालतेय."

मामांचं दार उघडं होतं. टेबलावर सहा टंबलर ओळीनं, सहा घरांतले. जो तो रविवारच्या घाईत आला, ठेवलं आणि गेला. माझा सातवा. ओट्यावर मोठ्या पातेल्यात तापवलेलं दूध, आणि पुसून पालथे घातलेले आठ रिकामे टंबलर. मामा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसले होते. मनगटावर घड्याळ होतं.

"जिंकलात मामा."

"जिंकलो. सगळ्यांनी वेळेवर आणून दिली. एकाचीही थकबाकी नाही."

"आणि हे एवढं दूध?"

"काल सकाळीच जादा सांगून ठेवलं होतं. आपले लोक हरतील हे मला काय ठाऊक?" ते पातेल्याकडे बघत म्हणाले, "तसं अर्ध्या लिटरचं पाकीट रोज येतंच. दोघांचं लावलेलं. दोन वर्षं होलीं, एकट्याला संपत नाही."

मी खुर्ची ओढली आणि मुरुगेसनांचा टंबलर उचलला. गार झाला होता. मग आम्ही एकेक घर चाखत गेलो. मुरुगेसनांकडे चिकोरी जास्त. तिसऱ्या मजल्यावरच्या जयंती टीचरची झकास. आमच्या घरच्या टंबलरातून घोट घेऊन मामांनी तो हळूच खाली ठेवला. "कुलकर्णी, बाईंना सांगू नका," ते म्हणाले, "पण इतकी साखर घातली की ह्याला आमच्यात पायसम म्हणतात, खीर."

मी हसलो, तेही हसले, आणि सवयीनं त्यांची नजर मनगटावर गेली.

"तीन मिनिटं होलीं."

मीही सवयीनं अर्धा उठलो. तेवढ्यात ते जुन्या, ड्यूटीवरच्या आवाजात, अगदी अदबीनं म्हणाले, "वाढवू का?"

या वाक्याला हा उरलेला अर्धा भागही होता, हे इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं.

"वाढवा," मी म्हटलं आणि खाली बसलो.

घरी पोचलो तेव्हा डोशांचं चामडं झालं होतं. ते चावता चावता मी बायकोला त्या पाचशे रुपयांपासून सगळं सांगितलं. तिनं तवा खाली उतरवला.

"पुढच्या शनिवारी गुलाबी कागदावर तुम्ही सही करा," ती म्हणाली. "चष्मा न लावता गुलाबी दाबायची तुम्हाला सवय आहेच. मामांना निळा द्या. आणि रविवारी घड्याळ काढून वर या म्हणावं."