शिडाचं फिटिंग

"शिडाला नुसता हात लावू दे, होडी कशी आहे ते सांगतो!" मास्तर आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणाले.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिलाईचे. उभी हयात लोकांचे शर्ट-पँट शिवण्यात गेली. मग थोरला म्हणाला, दुकान धाकटा बघेल. धाकटा म्हणाला, थोरला बघेल. बघितलं कुणीच नाही. दुकानाला कुलूप लागलं, आणि ते कुणामुळे लागलं यावरून भावाभावांचं बोलणं बंद झालं. एका पांघरुणात झोपणारी पोरं ती! काकूंना अजून आठवायचं, झोपेतसुद्धा एकाची मूठ दुसऱ्याच्या सदऱ्यात असायची. आता रविवारी जेवायला आले, तर एक हात धुवायला उठल्यावरच दुसरा टेबलाशी बसे.

"होडी घेऊ या," मास्तरांनी तोड काढली. "दर रविवारी सगळ्यांनी तळ्यावर. होडीतून उठून जातील कुठे?"

काकूंना वेडेपणा वाटला. पण घरातल्या दुसऱ्या कुणाला तेवढंही सुचलं नव्हतं.

तळ्याकाठी तीन जुन्या होड्या विकायला होत्या. पहिलीत पाणी साचलेलं. "पावसाचं," मालक म्हणाला. पाऊस होऊन महिने लोटले होते! दुसरीला शीडच नव्हतं. तिसरी एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याची. बूड कोरडं, फळ्या घट्ट, बसायला ऐसपैस. काकूंना बघताक्षणी आवडली. मास्तरांनी मात्र फळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिडाचं कापड चिमटीत धरून चुरगाळलं, उजेडात धरलं.

"कापड एक नंबर. पण शिवणारा झोपला होता काय? मध्ये केवढा झोळ!"

"झोळ नाही मास्तर, ते शिडाचं पोट," चष्मेवाला म्हणाला. "पोट हवंच. त्यातच वारा धरतो."

मास्तर गालात हसले. 'झोळ नाही साहेब, फॅशन आहे,' असं जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलेला माणूस असल्या थापेला भुलणार होय!

चष्मेवाला भला गृहस्थ. "रविवारी घरच्यांना फिरवून आणा, पटली तर घ्या," म्हणाला. मास्तरांनी शीड धुवायच्या नावाखाली घरी आणलं. पुढची खोली त्यानं अशी भरली की काकूंना स्वयंपाकघरात जायला शिडाखालून रांगावं लागलं.

"अहो, दुसऱ्याची वस्तू आहे. विचारा तरी!"

"फिटिंग बघून स्वतःच पाया पडेल तो!"

दुकान बंद झाल्यापासून मशीनवर कपड्यांच्या घड्या पडलेल्या असत. त्या उचलल्या गेल्या. मशीन खडखडलं. मास्तर टिपा मारता मारता चक्क गुणगुणत होते. काकू शिडाखालून रांगत गेल्या आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. ते गुणगुणणं ऐकून फार दिवस झाले होते.

रविवारी आभाळ राखेच्या रंगाचं होतं. चष्मेवाला नेमका परगावी. सुना आणि नातवंडं धक्क्यावर थांबली. पहिली फेरी चौघांचीच. थोरला होडीच्या पुढच्या टोकाला तोंड फिरवून बसला, धाकटा मागच्या. मध्ये आईबाप. वल्हं एकच, ते मास्तरांनी मारलं आणि तळ्याच्या मध्यावर येऊन ऐटीत शीड चढवलं.

काय ते शीड! कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. इस्त्रीच्या टेबलासारखं सपाट!

वारा आला, शिडाला थोबाडीत मारल्यासारखा लागला आणि निघून गेला. होडी जागची हलेना.

"वारा पडलाय," मास्तर म्हणाले. शेजारून एक होडी पोट फुगवून भर्रकन गेली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मुलं बोलायला लागावीत म्हणून काकूंनी विषय काढले. धाकट्याचं गुडघेदुखीचं औषध, थोरल्याच्या घरातली गळती. दोघं आईला उत्तरं देत होते, पाठमोरे. 

शेवटी मास्तर खचले. पुन्हा वल्हं मारून मारून हात भरून आले होते. वल्हं पुढे करून म्हणाले, "घ्या रे कुणीतरी."

थोरल्याला वाटलं, धाकटा घेईल. धाकट्याला वाटलं, थोरला घेईल. वल्हं मास्तरांच्या हातून सुटलं, काठावरून घसरलं आणि पाण्यावरून आपल्या वाटेनं निघून गेलं.

"तू घ्यायचंस!" थोरला ओरडला.

"तू जवळ होतास!" धाकटा ओरडला.

बोलले! काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण बोलणं तेवढ्यावरच संपलं. तळं मध्यावरही कंबरेइतकंच. दोघांनी तावातावानं बाह्या सारल्या आणि चिखलात उड्या मारल्या. थोरला पुढचं टोक धरून आपली गाडी उभी होती त्या काठाकडे ओढू लागला. धाकटा मागचं टोक धरून धक्क्याकडे. होडी जात्यासारखी जागच्या जागी फिरू लागली! धक्क्यावर नातवंडं टाळ्या पिटत होती.

"अहो, मला गरगरतंय!" काकू म्हणाल्या. मास्तर डोळे मिटून डोलकाठीला बिलगले होते. मग काकूंनीच आवाज चढवला.

"अरे, कुणीतरी एकानं सोडा!"

कितीतरी वर्षांनी दोघांनी एकदम आईचं ऐकलं.

दोघांनीही सोडलं.