तोडकरकाकांची गोटी

आमच्या समोरच्या दारातले तोडकरकाका दर रविवारी खिशात काचेची गोटी घालून फ्लॅट बघायला जायचे. स्वतःचा फ्लॅट असताना, आणि दुसरा घ्यायचा विचार नसताना. हॉलमध्ये शिरलं की गुडघ्यावर हात टेकून वाकायचं, फरशीवर गोटी अलगद ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायचं. गोटी जागेवर राहिली तर "पास". हलली, तर "रिजेक्ट!" हा शब्द ते असा काही उच्चारायचे की फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीचा चेहराच उतरायचा.

काका मूळचे बार्शीकडचे. भोसरीच्या एका कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी गिअर तपासले. तिथल्या भाषेत तपासायच्या वस्तूला जॉब म्हणतात. "मी पास केलेला जॉब कदी परत आला न्हाई, आन रिजेक्ट केलेला कदी चांगला निगाला न्हाई," हे ते ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगतात. मला तर जिन्यातच सांगितलं होतं, आमचं सामान अजून टेम्पोत होतं तेव्हा. निवृत्त झाले तरी तपासायची खोड गेली नाही. माझी मुलगी मीरा शाळेतून आली की आधी त्यांच्या घरात शिरते. काका तिचा डबा उघडून बघतात आणि अर्धी पोळी उरलेली दिसली की जिन्यापर्यंत आवाज येतो, "रिजेक्ट! रिवर्कला घ्या."

तीन वर्षांपूर्वी काकू लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून बंगळुरूला गेल्या. लेक-जावई दोघंही नोकरीवाले, त्यामुळे काकू नातवातच अडकल्या. काका एकदा राहून आले. "बाराव्या मजल्यावर मला वळखतंय कोन? लिफ्टमदला वॉचमन," म्हणाले आणि परतले. तेव्हापासून त्यांचं लाकडी दार दिवसभर उघडं असतं, फक्त जाळीचं लावलेलं. आमच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ते मोजतात.

यंदा आमच्या घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि दिवाळीपर्यंत घर सोडा म्हणून निरोप आला. मी आकुर्डीच्या कॉलेजात शिकवतो. आयुष्यभर भाडंच भरायचं का, यावर आमच्या घरी चर्चा झाली, म्हणजे माझी बायको सुजाता बोलली आणि मी ऐकलं. फ्लॅट घ्यायचं ठरलं. काका त्याच मिनिटाला जाळीच्या दारात येऊन उभे. "सर, इन्स्पेक्शनला मी येनार."

घरं बघायला येणाऱ्या माणसांचंही ते इन्स्पेक्शन करायचे. रहाटणीच्या एका साइटवर बसल्या बसल्या त्यांनी सगळी गर्दी ओळखून दाखवली.

"ते जोडपं हिंजवडीचं. नवरा मोबाईलवर बगतोय, हापिस किती मिन्टं. बायको बगतीय, कपडे कुटं वाळनार."

"आणि ते टोपीवाले आजोबा?"

"लातूरकडचे. नातू चाकनला कंपनीत आसनार. पोरीकडचे म्हनले आसतील, आदी फ्लॅट दाकवा, मग पोरगी दाकवतो. घर पोराला नगंय सर, स्थळाला पायजे."

"ती एकटी बाई?"

"खरं गिऱ्हाईक ती. भाड्याच्या घरात येकट्या बाईला चौकशा फार. तिला बिनचौकशीचं दार पायजे."

मी मुद्दाम टोपीवाल्या आजोबांशी बोलून आलो. ते नांदेडचे निघाले. बाकी शब्दन्‌शब्द बरोबर होता.

पण आमच्यासाठी त्यांना एकही घर पसंत पडेना. एका ठिकाणी ओटा उंच, "वैनीचा खांदा दुकंल." एका ठिकाणी लिफ्टचा आवाज वेगळा, बेअरिंग जाणार. वाकडमधला फ्लॅट तर त्यांनी आत न जाताच बाद केला. "समोरासमोर दारंच न्हाईत. मीठ संपलं तर हाक कुनाला मारनार?" चार महिने असे गेले. दिवाळी जवळ आली. सुजाताला झोप येईना, आणि माझी काकांना थांबवायची हिंमत होईना.

मग पिंपळे सौदागरला एक तयार फ्लॅट मिळाला. हवेशीर, ओटा बेताचा, मीराची शाळा चालत जाण्याएवढी. सुजाता खिडकीशी उभी राहून स्वतःशीच हसली, तेव्हाच मी ओळखलं की आपलं ठरलं. काकांनी नळ सोडून पाहिले, दारं उघडझाप केली, भिंतींवर टिचक्या मारल्या. काही सापडेना. शेवटी वाकून त्यांनी फरशीवर गोटी ठेवली.

गोटी हलली नाही.

काका मागे सरले नाहीत. वाकलेलेच राहिले. आणि मग मी पाहिलं, सुजातानेही पाहिलं, त्यांनी करंगळीने गोटीला हळूच धक्का दिला. गोटी घरंगळत भिंतीला जाऊन लागली.

"उतार हाय," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "रिजेक्ट."

या वेळी आवाज चढला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. चार महिने आम्ही घर शोधत होतो आणि हा माणूस आम्हाला धरून ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काका होते, इस्त्रीच्या शर्टात, ड्यूटीवर निघाल्यासारखे.

"सर, काल चांगला जॉब रिजेक्ट केला मी. एकतीस वर्षांत पयल्यांदा." त्यांनी खिशातून गोटी काढून माझ्या हातावर ठेवली. "फ्लॅट पास हाय. आजच टोकन देऊन टाका. आन ही ऱ्हाऊ द्या आता तुमच्याकडं."

सुजाता आतून पुढे आली. "काका, तिकडे येणार ना तुम्ही?"

"येनार की वैनी. डबा कोन तपासनार मीराचा?" एवढं बोलून ते वळले. इथून त्या घरापर्यंत जायला दोन बस लागतात, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

ते आत गेले, जाळीचं दार ओढून घेतलं आणि मग लाकडी दारही लावलं. काका बंगळुरूहून परतल्यापासून दिवसाउजेडी ते दार बंद झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या कुकरची शिट्टी झाली. पलीकडून कुणी मोजली की नाही, कळलं नाही.